पाच सेन्सर, एक बोळ : सोलापूरच्या पूर्व भागातल्या हवेच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सुरू करतोय. वहीत लिहिणार होतो पण वही दुकानात राहते आणि विचार घरी सुचतात, म्हणून फोनवरच टाईप करतोय, शुद्धलेखन बघू नका.

काम काय तर आमच्या बोळातली हवा मोजायची. पूर्व भागातला बोळ, म्हणजे तीन घरं सोडून मागाची शेड, मागच्या अंगाला डायहाऊसचा, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याचा, बॉयलर, पुढं रिक्षा टेम्पोचा रस्ता. निम्मी गल्ली खोकते. कशामुळं खोकता विचारलं की प्रत्येकाचं बोट वेगळीकडं. एकजण म्हणतो दक्षिण सोलापुरातला वीज प्रकल्प, दुसरा म्हणतो होटगीकडची सिमेंटची धूळ, तिसरा म्हणतो महापालिकेनं रस्ते खणून ठेवलेत. समोरची अव्वा म्हणते, "तुझा मामा बिडी वडतोय की, हवेला काय नाव ठेवतोस." चौघंही थोडे थोडे बरोबर असणार, पण थोडे म्हणजे किती हे कुणालाच माहिती नाही.

सामान: हवेतले बारीक कण मोजणारे पीएमएस ५००३ सेन्सर पाच, आकडे वायफायवरनं पाठवणारे नोडएमसीयू बोर्ड पाच, तापमान आणि दमट हवेसाठी डीएचटी २२ पाच. माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान असल्यामुळं सोल्डरिंग वगैरे फुकट. पिंट्या सॉफ्टवेअर बघणार. सेन्सरचं काम तसं सोपं आहे, आत छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा उजेड कणांवर पडून विखुरतो आणि त्यावरनं यंत्र अंदाज करतं की किती कण आहेत. अंदाज हा शब्द पुढं लय वेळा येणार आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर पाचही यंत्रं माझ्या गच्चीवर एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवली. पिंट्या म्हणला कशाला वेळ घालवायचा, लावून टाकू. म्हणलं आधी पाचही भावंडं एकसारखी बोलतात का बघू दे. चार जवळपास सारखी, पाच नंबर कायम जास्त दाखवतंय, साधारण पाचवा हिस्सा जास्त. फेकून द्यायचं नाही, तेवढं कमी करून वाचायचं.

जागा ठरल्या. एक नंबर माझी गच्ची. दोन नंबर अव्वाच्या अंगणात. तीन नंबर मागाच्या शेडमध्ये, मामा जिथं टॉवेलचे माग चालवतो. चार नंबर बॉयलरच्या मागच्या घराच्या खिडकीत. पाच नंबर जुळे सोलापुरात मावशीकडं, तिथं माग नाहीत बॉयलर नाही, म्हणजे शहराची सगळीकडं असते तेवढी घाण किती हे तिथनं कळेल.

२७ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवड्यांचा डेटा आला. आलेख काढला तर उंटासारखा, दोन मदारी. एक पहाटे साडेपाच ते आठ, दुसरी संध्याकाळी सात ते दहा. दुपारी सगळं खाली. जुळे सोलापुरात पण तसंच पण मदारी बुटक्या.

यात भौतिकशास्त्र आहे थोडं. रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार, मग गार हवा खालीच बसते आणि धूर तिच्यात अडकतो. दुपारी ऊन पडलं की हवा उकळत्या चहासारखी वर खाली होते आणि धूर वर जातो, पातळ होतो. म्हणजे तोच धूर दुपारी दोनला सोडला तर बोळाला कमी त्रास, रात्री आठला सोडला तर डोळे चुरचुरतात. ही गोष्ट डोक्यात ठेवली आहे, पुढं उपयोगी पडेल असं वाटतंय.

आता वीज प्रकल्पाचं. ६६० मेगावॅटचे दोन युनिट, कोळशावर चालतात. ते बांधले तेव्हा ५०० मेगावॅट आणि त्यापुढच्या युनिटला चिमणी २७५ मीटर लागायची हा नियमच होता. एवढ्या उंचावरनं गरम धूर निघतो तो अजून वर जातो, रात्री तर त्या गार थराच्या वरच. तो नेमका रोज पहाटे साडेपाचला आमच्याच बोळात उतरतो हे काय पटत नाही. पण म्हणून तो साफ सुटला असंही नाही, कारण गंधकाचा वायू हवेत तास दोन तास नाही तर दिवस दिवस फिरतो आणि त्याचे बारीक सल्फेटचे कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे तो मदारीत नाही, मदारीखालच्या पाठीत आहे. माझा सेन्सर वायू मोजतच नाही, आणि कण आले तरी कुठल्या चिमणीचे ते सांगत नाही.

सोलापुरात चिमणी म्हणलं की लोकांना एकच चिमणी आठवते, साखर कारखान्याची, जी जून २०२३ मध्ये पाडली. ती विमानासाठी पाडली, हवेसाठी नाही. हवेसाठी पाडली असती तर एवढी माणसं बघायला आली नसती बहुतेक.

३ नोव्हेंबर

दिवाळी. आकडे लिहीत नाही, तीन दिवस सगळे सेन्सर वेडे झालते. फटाक्यांचे दिवस वेगळ्या फाईलमध्ये टाकले.

१० नोव्हेंबर, रविवार

हवा मोजून अर्धंच काम, छाती कोण मोजणार. छातीच्या डॉक्टर मॅडमना भेटलो (माझ्या दुकानात त्यांचा फोन दोनदा दुरुस्त झालाय, ओळख तेवढीच). त्या म्हणल्या पीक फ्लो मीटर वापरा, स्वस्त आहे, प्लॅस्टिकची नळी, जोरात फुंकलं की काटा सरकतो, मिनिटाला किती लिटर वेगानं हवा बाहेर पडली ते कळतं. प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात जास्त आकडा लिहायचा. एकाचा आकडा दुसऱ्याशी तोलायचा नाही, उंची वय बाई पुरुष यावर तो बदलतो, ज्याचा त्याचाच आकडा बघायचा, सकाळी किती, संध्याकाळी किती, कामाच्या दिवशी किती, सुट्टीला किती. कामामुळं दम लागतो का हे बघायचं तर दिवसातनं चार वेळा, कमीत कमी दोन आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दिवस दोन्ही धरून. आणि एक अट घातली, "तुम्ही कुणाला रोगाचं नाव सांगायचं नाही, आकडे लिहून माझ्याकडं पाठवा." मान्य.

आठ जण तयार झाले. प्रत्येकाला काय करायचंय, कशासाठी, नाव कुठं येणार नाही, मधेच सोडलं तरी चालेल हे सांगून वहीवर सही घेतली. अव्वानं अंगठा दिला आणि म्हणली पैसे मिळणार का. नाही. मग चहा तरी पाज.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या आठवड्याचे सगळे पीक फ्लो फेकून दिले. चूक माझीच. मी शिकवताना सांगितलं फुगा फुगवतो तसं फुंका, तर सगळे गाल फुगवून लांबलचक फूऽऽऽ करत बसले. मॅडमनी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणल्या पोटभर श्वास घ्या, ओठ नळीवर घट्ट, आणि एकदम फाडकन सोडा, चूल फुंकता तसं नाही, नळीत चिंधी अडकलीय आणि ती उडवायचीय असं समजा. चिंधी म्हणल्यावर मागवाल्यांना लगेच कळालं. आठांतल्या एका अक्काचा आकडा एका फुंकरीत ६० नं वर गेला. आठवडा वाया गेला पण बरं झालं, नाहीतर मी गल्लीभर सगळ्यांची फुप्फुसं गेली म्हणून पोस्ट टाकून बसलो असतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. माग बंद, बॉयलर बंद, टेम्पो कमी. फुकटात मिळालेला प्रयोग. बोटाला शाई लावून आलो आणि दिवसभर आलेखाकडं बघत बसलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

बुधवारचं सांगतो. संध्याकाळची मदार चार नंबरला, म्हणजे बॉयलरमागच्या खिडकीत, निम्म्याहून खाली आली. होणारच होतं. पण सकाळची मदार जशीच्या तशी. कारखाना बंद, भट्टी बंद, आणि पहाटे सहाला अव्वाच्या अंगणात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, दीडशेच्या वर. आपल्या देशाचा नियम २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ सांगितलाय. दहा मिनिटांचा आकडा २४ तासांच्या नियमाशी थेट लावायचा नसतो हे माहितीये, तरी दीडशे म्हणजे दीडशे.

गुरुवारी पहाटे पाचला उठून बोळात फिरलो, स्वेटर घालून, हातात एक जादाचा सेन्सर पॉवर बँकवर. सहा घरांच्या दारात बंब पेटलेला. बंबात काय? लाकूड कुठाय परवडायला. मागाच्या शेडमधनं पोत्यानं मिळणारं वेस्ट सूत, टॉवेलच्या कडा, शिलाईच्या चिंध्या, आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी. सुताचे प्लॅस्टिकचे कोन पण टाकतात, ते लय वेळ जळतात म्हणून आवडते. अव्वा बंबाशेजारी पाटावर बसून आत चिंध्या सारत होती, अंगावर ऊब घेत, आणि नातू मांडीवर. सेन्सर तिच्या तोंडाच्या उंचीवर धरला तर आकडा हजाराला गेला, तिथं तर यंत्राचीच मर्यादा संपते, पुढचं ते काय पण सांगतं.

"काय दाखवलालाय बे ते?"

"अव्वा, धूर."

"त्याला यंत्र कशाला लागतंय, दिसतोय की."

बरोबर आहे म्हातारीचं.

एवढं मात्र आहे की एका दिवसावरनं निकाल लावता येत नाही, वाऱ्याची दिशा बदलली असेल, लोक गावाला मतदानाला गेले असतील. पण सकाळच्या मदारीचा धनी कारखाना नाही, हे मला तरी आता मान्य करावं लागतंय, आणि खरं सांगायचं तर आवडलं नाही. मी बॉयलरला पकडायला निघालो होतो.

आणि हे पण बघा की बंबात जळतंय ते कारखान्याचंच. चिंधी शेडमधनं फुकट मिळते म्हणून जळते. याला घरगुती धूर म्हणायचं का औद्योगिक, ज्यानं त्यानं ठरवावं.

सरासरीचं पण तसंच. माणूस सकाळी उपाशी राहिला आणि रात्री दोन ताटं जेवला तर सरासरीत तो दोन्ही वेळ पोटभर जेवला. एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट ते सांगणारा सरकारी आकडा, २४ तासांवर काढतात, अव्वा तिचा वाटा दोन तासांत घेते.

४ डिसेंबर, बुधवार

फेंगल वादळाचं ढगाळ वातावरण तीन दिवस झाले, अंगाला चिकट, मधेच भुरभुर. सेन्सर सगळे लाल. जुळे सोलापुरात मावशीनं फोन केला, "अरे तुझं यंत्र आग लागल्यासारखं दाखवतंय, दार उघडू का नको." दार उघड मावशी. हवेत दमटपणा सत्तर पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की कण पाणी पिऊन फुगतात, आणि लेझरला फुगलेला कण मोठा दिसतो. सरकारी यंत्रात हवा आत घेताना कोरडी करतात, आमच्यात ती सोय नाही. त्यामुळं दमट तासांच्या आकड्यांना वेगळा रंग दिलाय, मोजायचे नाहीत. पिंट्यानं दुरुस्तीचं गणित घातलंय पण मला त्यावर विश्वास कमी.

हवा मोजायच्या सरकारी स्टेशनच्या आकड्यांशी पण ताडून बघितलं. पीएम २.५ ची चढउतार बऱ्यापैकी जुळते. पीएम १० चं, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं, जुळतच नाही, आमचं लय कमी येतं. कारण हा सेन्सर जाड कण नीट बघूच शकत नाही, पीएम १० चा आकडा तो बारीक कणांवरनं अंदाजानं ठोकून देतो. आणि सोलापूरची अडचणच जाड धूळ. जानेवारी २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला त्यात नियमात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. रस्त्याकडेची माती, बांधकाम, उघडे ट्रक. म्हणजे लोक ज्या धुळीबद्दल बोलतात ती माझ्या यंत्राला दिसत नाही, आणि यंत्राला जी दिसते तिच्याबद्दल लोक बोलत नाहीत. आम्ही पीएम १० चा कॉलम पुसून टाकला.

१५ डिसेंबर, रविवार

मागची नोंद टाकून झाल्यावर शेडमधल्या तीन नंबरचा आलेख बघून मी पिंट्याला मेसेज केलता, "शेडमधली हवा सुधारली बे." नव्वदवरनं सत्तर, पन्नास, तीस, वीस. दिवसागणिक खाली. मला वाटलं थंडीमुळं दारं बंद ठेवत असतील, बाहेरचा धूर आत येत नसेल.

काल यंत्र काढून आणलं, दुकानात स्क्रू सोडले. हवा आत जायच्या भोकाशी पांढरं काहीतरी. चिमट्यानं ओढलं तर येतच राहिलं, बोटभर लांब, वळलेलं, एकदम निरांजनाच्या फुलवातीसारखं. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर तूस, म्हणजे सुताचे उडालेले तंतू, गुंडाळलेलं. पंखा फिरत होता पण हवा ओढत नव्हता. यंत्र गुदमरलं होतं आणि मी त्याला स्वच्छ हवा म्हणून नोंदवत होतो. डिसेंबरचा तीन नंबरचा सगळा डेटा रद्द.

ती फुलवात फेकली नाही, काचेच्या बाटलीत ठेवलीये काऊंटरवर. गिऱ्हाईक विचारतंय हे काय, सांगतो हे यंत्रानं दोन महिन्यांत ओढलेलं, मामा सत्तावीस वर्षं तिथं उभाय.

आता शेडमध्ये यंत्र कायमचं ठेवत नाही, फक्त तासभर नेतो, आणि येताना साफ करतो. तासभर उभं राहिल्यावर अजून एक गोष्ट कळाली जी आलेखात कधीच कळली नसती. पाळी संपताना मागावरचं तूस उडवायला कॉम्प्रेसरची हवा मारतात. दहा मिनिटं सगळी शेड पांढरी, ट्यूबलाईटचा उजेड दिसत नाही. तोंडाला रुमाल बांधतात, भिजवत पण नाहीत. हवा मारणारा पोरगा एकोणीस वीसचा असेल, म्हणतो रुमाल पण गरम होतंय म्हणून काढतो.

२९ डिसेंबर, रविवार

मामाची वही भरली. नीट फुंकलेले साडेपाच आठवडे. एक गोष्ट ठळक दिसते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ३८० च्या आसपास. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जाताना तेवढाच, आणि पाळी संपवून आल्यावर ३१०. आठवड्याच्या मधल्या दिवसांत घट कमी, ३६० चं ३३५ वगैरे. परत सुट्टी, परत ३८०, परत पहिल्या दिवशी आपटी. पाचपैकी चार आठवडे असंच.

मामाला विचारलं पहिल्या दिवशी काय होतं. "छाती आवळून येती. सगळ्यांनाच येती की. सुट्टीचा आळस असतोय." शेडमध्ये याला नावच आळस आहे.

मॅडमना वही दाखवली. त्यांनी बायसिनोसिस हा शब्द उच्चारला पण लगेच थांबवलं, मला लिहायची परवानगी एवढीच की शंका आहे, निदान नाही. कापसाच्या धुळीनं होणारा हा आजार, आणि त्याची जुनी ओळखच ही की सुट्टी संपवून कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा पुढं सरकेल तसं बरं वाटतं. सुरुवातीला उलटता येतो, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर कायमचा दमा लागल्यासारखं होतं. पण हा जास्त करून सूतगिरणीत, कापूस पिंजतात झाडतात तिथं. विणकामात कमी, कारण तिथवर येईपर्यंत सूत बरंच साफ झालेलं असतं. मामा पोरवयात चार वर्षं सूतगिरणीत होता, नंतर मागावर. शिवाय बिडी. शिवाय घरी बंब. शिवाय नुसता दमा पण असू शकतो. त्यामुळं पाळीआधी आणि पाळीनंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसाची मशीनवरची तपासणी, केल्याशिवाय कुणी काही बोलायचं नाही.

मी विचारलं हे डोळ्यांना दिसणारं तूसच आत जातं का. म्हणल्या तूस नाकाघशात अडकतं, त्रास देतं, पण खोल जातो तो त्याच्यासोबतचा बारीक चुरा, कपाशीच्या पानाचा बोंडाच्या सालीचा, आणि त्यावर जिवाणूंचं विष, एंडोटॉक्सिन, असतं ते श्वासनळ्या आवळतं. अमेरिकेनं १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा बांधली ती सूतकताईला घनमीटरमागं २०० मायक्रोग्रॅम आणि विणकामाला ७५०, आणि मोजायचं यंत्र मुद्दाम असं की जाड तूस गाळून टाकतं. म्हणजे तिथं पण दिसणारं सोडून न दिसणारं मोजतात.

आपल्याकडं कारखान्यांच्या कायद्यात कळवायच्या आजारांच्या यादीत बायसिनोसिसचं नाव आहे, म्हणजे डॉक्टरला असा पेशंट सापडला तर कळवावं लागतं. पण कायदा लागू व्हायला कामगारांचा ठराविक आकडा लागतो, आणि आमच्याकडं एका छपराखाली तीन नावांच्या तीन पाट्या असतात, प्रत्येक पाटीखाली मोजकी माणसं. आजार तोच, छप्पर तेच, पाट्या तीन.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, झाला. शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानाजवळ यंत्र नेलं नाही, जत्रेला पण सेन्सर घेऊन जाणारा माणूस मला व्हायचं नाही. नंदीध्वज बघितले, भजी खाल्ली, दोन दिवस खोकलो.

२ फेब्रुवारी, रविवार

डायहाऊसच्या मालकांकडं गेलो. जाताना मनात भांडणाची तयारी. त्यांनी चहा सांगितला, आलेख उलटा धरून बघितला, मग सरळ केला. म्हणले, "सव्वीस वर्षं बॉयलर चालवलालोय, तक्रार करणारे लय आले, कागद घेऊन तू पहिलाच."

चिमणीची उंची काढायचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र मी पाठ करून गेलतो. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साईड निघतो त्याचा ०.३ घात, गुणिले १४, आली मीटरमध्ये उंची. समजा ताशी १०० किलो कोळसा, त्यात अर्धा टक्का गंधक, म्हणजे अर्धा किलो गंधक, जळून एक किलो वायू. एकाचा कुठलाही घात एकच, म्हणजे १४ मीटर. मालक हसले, "माझी चिमणी त्याच्यापेक्षा उंच आहे." खरंच आहे. आणि ते कोळसा जाळतच नाहीत फारसा, लाकूड आणि चिंध्यांचे गठ्ठे जाळतात, त्यात गंधक नगण्य, सूत्रात घातलं तर चिमणी अजून बुटकी चालेल. म्हणजे सूत्र गंधकाचं आणि बोळात येतोय तो काजळीचा धूर. मी गप्प.

मग गच्चीवर नेलं त्यांनी. तिथं उभं राहिल्यावर जे दिसलं ते मला चार महिने खालनं दिसलं नव्हतं. चिमणी बांधली तेव्हा आजूबाजूला पत्र्याची घरं होती. आता चारी बाजूला दोन मजले, तीन मजले, वर पाण्याच्या टाक्या. इमारतीच्या अडीच पट उंची चिमणीला पाहिजे असा ठोकताळा आहे, नाहीतर इमारतीमागं वाऱ्याचा भोवरा होतो आणि तो धूर खाली ओढतो. चिमणी आहे तेवढीच आहे, गल्ली उंच झाली. चार नंबरचं घर नेमकं त्या भोवऱ्यात.

चिमणी वाढवायला खर्च, खालचा पाया तपासावा लागणार, टॉवेलच्या ऑर्डरी मंद आहेत, हे सगळं ऐकलं. खोटं पण नाही ते. मग ऑक्टोबरची गोष्ट आठवली. विचारलं, बॉयलर पेटवता कधी? संध्याकाळी सहाला, रात्रपाळीला वाफ पाहिजे. थंड बॉयलर पेटवताना पहिला तास दीड तास सगळ्यात काळा धूर, कारण भट्टी तापलेली नसते, अर्धवट जळतं. आणि नेमकं तेव्हाच हवा खाली बसायला लागते. म्हणलं दुपारी तीनला पेटवा, वाळलेल्या लाकडावर, चिंध्या भट्टी तापल्यावर टाका, कोन आणि प्लॅस्टिक अजिबात नको. मालक फोरमनकडं बघितले. फोरमन म्हणला, "मला दुपारी यायला लागेल." तीन तास जादा लाकूड आणि फोरमनचा ओव्हरटाईम, एवढाच काय तो खर्च. आठ दिवस बघू म्हणले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवसांतले पाच दिवस दुपारी पेटला, तीन दिवस फोरमन आला नाही म्हणून संध्याकाळी. लहान प्रयोग पण मस्त, कारण तीन दिवस आपोआप तुलनेला मिळाले. दुपारी पेटवलेल्या दिवशी चार नंबरची संध्याकाळची मदार स्पष्ट कमी. खिडकीतल्या वहिनी म्हणल्या वाळत घातलेले कपडे पहिल्यांदा काळे ठिपके नसलेले निघाले, मला हा पुरावा आलेखापेक्षा जास्त आवडला.

आज बोळातल्या बायकांना बसवून सगळं सांगितलं. अक्का बिड्या वळत वळत ऐकत होती, मांडीवर सूप, तंबाखूची बारीक भुकटी उडतेय आणि ती मला विचारतेय की मागाच्या धुळीचं काय करायचं. अक्का, तुझ्या सुपाचं काय? ते मोजलंच नाही मी, सुचलं पण नाही, दहा वेळा त्या ओट्यावर चहा प्यायलो.

शेडमध्ये ठरलं की हवा मारायच्या आधी बाकीच्यांनी बाहेर जायचं, मारणाऱ्यानं एन ९५ घालायचा, आणि रोजच्या ऐवजी जमेल तिथं ब्रश आणि ओला फडका. मास्क मी आणून दिलेत वीस. पुढचे कोण आणणार यावर शेठ आणि कामगारांत अजून बोलणं चालूय.

एका सरकारी ऑफिसात पण अर्ज घेऊन गेलतो. साहेब चांगले बोलले पण या यंत्राचे आकडे चालत नाहीत, फिल्टर पेपरवर हवा ओढून वजन करतात ती पद्धत पाहिजे. मला राग आला नाही, फुलवात आठवली. फक्त एवढंच म्हणलं की मग तुमचं यंत्र बोळात एक दिवस आणा. अर्जावर शिक्का मिळालाय.

९ मार्च, रविवार

ऊन वाढलं, हवा दुपारभर उकळतेय, सगळे आकडे आपोआप खाली आलेत. यात आमचं श्रेय शून्य, नोव्हेंबरमध्ये परत बघावं लागेल.

मामाची स्पायरोमेट्री पुढच्या आठवड्यात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीआधी आणि नंतर. तपासणीत कामाचा थोडा वेळ बुडणार, त्याची मजुरी मी आणि पिंट्या मिळून देतोय. पीक फ्लोच्या बाकी सात वह्यांत तसं काही ठळक नाही, दोघांच्या अर्धवट आहेत.

अव्वाचा बंब जानेवारीच्या शेवटी आम्ही गच्चीवर नेलता, पोरांनी उचलून. अंगणातल्या दोन नंबरला सकाळचा आकडा लगेच पडला, नातू पण खाली झोपलेला राहायचा. मी खूष होऊन फोटो काढले. बारा दिवसांनी गेलो तर बंब परत अंगणात. गरम पाण्याची बादली घेऊन जिना उतरताना तिचा गुडघा धरला, एकदा पाणी पायावर सांडलं. गॅसवर अंघोळीचं पाणी तापवत नाही ती, टाकी दोन महिने पुरवायची असते.

"पाणी वरनं आपोआप आलं तर नेते वर," म्हणली.

म्हणजे वर बंब आणि तिथनं मोरीपर्यंत पाईप, मधे एक कॉक. गरम पाण्याला साधा पाईप चालत नाही, सीपीव्हीसी लागतो. अव्वाच्या अंदाजानं बावीस फूट. मी टेप लावून मोजलं, एकवीस.